अठ्ठेचाळिसावी मेंढी

३ फेब्रुवारी, सोमवार

परत तेच! 'आर' शिकू की पायथन? आज दिवसभरात कोडची एक ओळ लिहिली नाही, पण 'बायोइन्फॉर्मेटिक्ससाठी कोणती भाषा शिकावी' यावर सात व्हिडिओ बघून झाले. एक म्हणतो, जीवशास्त्रवाल्यांनी आर शिकावी, सगळं संख्याशास्त्र तिच्यात तयार आहे. दुसरा म्हणतो, आर आता म्हातारी झाली, पायथन घ्या. तिसरा ज्युलिया, ज्युलिया करत होता. मला आधी वाटलं, बायकोचं कौतुक चाललंय!

माझ्या पीएचडीच्या गाइड सरांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्या वेळी पर्ल होती. पर्लवर सगळं भागायचं. तुम्ही पोरं भाषा निवडण्यातच पीएचडी संपवाल."

लॅबमधले सगळे हसले. मीपण हसले. पण लागलं. रक्त काढायला सांगा, डीएनए वेगळा करायला सांगा — हात चालतो माझा. कम्प्युटरसमोर बसलं की मात्र मी परत सोयगावच्या शाळेतली शेवटच्या बाकावरची शालू. अठ्ठावीस वर्षांची.

५ फेब्रुवारी

हैदराबादच्या लॅबमधून डीएनएचा डेटा आला! अठ्ठेचाळीस मेंढ्यांचा. एवढा मोठा की लॅपटॉप घुसमटला, लॅबच्या सर्व्हरवरच उतरवावा लागला.

ही सगळी सोनाजीकाकांची मेंढरं. माझे सख्खे चुलते. आमच्या घरात पिढ्या गेल्या मेंढरांमागं, मीच एकटी नळ्यांमागं लागले. विषय साधा आहे: काही मेंढ्यांना दर खेपेला जुळी होतात, काहींना जन्मात नाही. ते रक्तावरून आधी ओळखता येईल का? काकांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "व्हय, आन् ओळखलं की आम्हाला बी सांग."

रक्त मोनिकानं घेतलं. चार दिवस सोयगावला राहिली, माझ्या आईच्या हातचं जेवली, शेणात बसून नळ्यांवर नंबर लिहिले. मोनिका म्हणजे प्रकल्पातली सहायक. गंगापूरची. घरचा ऊस-कापूस आहे, पण हिला डीएनए पाहिजे. माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि डोक्यानं चार वर्षांनी मोठी.

आज डबा खाताना म्हणाली, "ताई, कोणती पण घे. पण एकच घे. दोन्हीकडचं अर्धं अर्धं नको करू."

म्हटलं, "हो गं, ठरवतेच या आठवड्यात."

९ फेब्रुवारी, रविवार

आज पाण्याचा दिवस. आठ दिवसांनी आलं. सकाळपासून मी आणि संस्कृती टाकी, बादल्या, पातेली — वाटीसुद्धा सोडली नाही. संस्कृती माझी रूम पार्टनर, वाळूजच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर बघते. बादली उचलता उचलता तिला विचारलं. ती म्हणाली, "पायथन! त्यात विचार काय करायचा?" मग तिनं बसून मला अर्धा तास शिकवलं. सोपी वाटली. इंग्रजी वाचल्यासारखी.

पण आरमधला निम्मा कोर्स झालाय माझा. तो सोडायचा?

१२ फेब्रुवारी

आज आर. उद्या पायथन. परवा देव जाणे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

झालं एकदाचं! जमलं!

नमुन्यांची क्रमवारी आरमध्ये लावली, कारण ते मला तिथंच येतं. कोणता नमुना यादीत कितवा, ते आकडे एका फाईलमध्ये ठेवले. पुढचं काम पायथनमध्ये, कारण संस्कृतीनं तेवढं लिहून दिलं होतं: फाईलमधला आकडा वाचायचा, यादीतून मेंढीचं नाव काढायचं, डेटाला चिकटवायचं. भराभरा चाललं. आणि शेवटच्याला, अठ्ठेचाळिसाव्याला, लाल अक्षरं! यादीत इतक्या नंबरचं काहीच नाही म्हणे. असं कसं नाही? यादी अठ्ठेचाळीसचीच आहे!

दुपारभर डोकं आपटलं. संस्कृतीला फोन केला, ती मीटिंगमध्ये. मग नेटवर एक तोडगा सापडला: चूक आली तर ती ओळ सोडून पुढं जा, असं त्याला सांगायचं. दोन ओळी टाकल्या. लाल अक्षरं गेली. सत्तेचाळीस मेंढ्या सुरळीत.

सर दारातून डोकावले. "किती झाले?"

"सत्तेचाळीस, सर. एक नमुना खराब निघाला. शेवटचा."

तोंडातून निघून गेलं. खराब होता का, हे मी बघितलंसुद्धा नव्हतं. पण एक नमुना खराब निघतोच कुठंही. जाऊ दे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वाईट दिवस.

पुढं जाण्याआधी सर एक साधी तपासणी करून घेतात. डीएनएवरून नर की मादी ते कळतं. ते नोंदवहीशी जुळतं का, बघायचं. आमच्या कळपात सहा मेंढे, बाकी मेंढ्या. मी तक्ता पडद्यावर लावला. सहाच्या सहा मेंढे माद्या निघाले! आणि भलत्याच सहा मेंढ्या नर.

सर पडद्याकडे बघत होते. मग मोनिकाकडे वळले.

"मोनिका, मेंढा कोणता आणि मेंढी कोणती, हे गंगापुरात शिकवत नाहीत का?"

कुणीतरी खुसखुसलं. मोनिका उभी राहिली. "सर, नळ्या मी दोन-दोनदा ताडून बघितल्या होत्या."

"मग काय मेंढ्यांनी रात्रीतून लिंग बदललं? बारा नमुने उलटसुलट, एक खराब. वर्षभराचं काम पाण्यात! याला निष्काळजीपणा म्हणतात."

तो शब्द सगळ्यांसमोर.

मोनिकानं माझ्याकडे बघितलं. मी कीबोर्डकडे बघत होते. मला खरंच वाटत होतं की नळ्याच बदलल्या असतील. हे मी आज लिहून ठेवते. खरंच वाटत होतं.

२८ फेब्रुवारी

मोनिकाची मुदत आज संपत होती. दरवर्षी वाढवून मिळते. यंदा नाही. तिनं ॲप्रन घडी करून टेबलावर ठेवला, नोंदवही माझ्या हातात दिली. म्हणाली, "ताई, वही जपून ठेव. सगळं लिहिलंय तिच्यात."

तिला बस स्टँडवर सोडायला जायचं होतं. मी गेले नाही. काम आहे म्हटलं.

४ मार्च

सोनाजीकाकांचा फोन. जुळ्यांचं कळलं का, म्हणून. मी म्हटलं, काका, गोंधळ झालाय, नळ्या बदलल्यात.

"कुनी बदलल्या?"

"मोनिकाकडून झालं असणार."

"नाय नाय. ती पोरगी लई चोख. हरेक मेंढराला मला दोनदा इचारायची — काका ही कोन, हिची आय कोन. मी वैतागलो शेवटी. म्हन्लं, पोरी, माझी मेंढरं मी आवाजावरून वळखतो! नर-मादीत चूक? तुमच्या मशिनीलाच दिसत नसंल."

हसून फोन ठेवला त्यांनी. मला नाही हसू आलं.

११ मार्च, मंगळवार

क्रमानंच लिहिते.

गेल्या आठवड्यात ठरवलं होतं, एक भाषा पहिल्या पानापासून नीट शिकायची. नमुने परत घ्यायचे तर तोवर वेळच आहे. पायथन सुरू केली. आज धडा यादीचा. यादीतला पहिला घटक कितवा? शून्यावा. पायथन शून्यापासून मोजते. पहिला म्हणजे शून्य, दुसरा म्हणजे एक.

हे मी आधी ऐकलं नव्हतं असं नाही. संस्कृतीनं सांगितलं होतं, बादल्या भरल्या त्या दिवशी. मी मान डोलावली होती.

आणि आर एकपासून मोजते.

मी आरमधून आकडे काढले. पायथनला दिले. मी म्हटलं 'एक', तिनं दुसरी मेंढी दिली. मी म्हटलं 'दोन', तिनं तिसरी. प्रत्येक डेटाला पुढच्या मेंढीचं नाव! आणि अठ्ठेचाळीस म्हटल्यावर तिच्याकडे पुढची मेंढीच नव्हती. म्हणून ती ओरडत होती. लाल अक्षरांत ओरडत होती. मी तिचं तोंड दाबलं.

फाईल उघडली. माझी यादी दुसऱ्या मेंढीपासून सुरू होते. पहिली मेंढी नाहीच! तीन आठवडे माझ्या डोळ्यासमोर आहे हे. आणि ते भलते सहा नर — सहाच्या सहा आपापल्या मेंढ्याच्या पुढच्या नंबरवर बसलेत. शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं.

आकड्यातून एक वजा केला. सहा मेंढे, सहाही नर. अठ्ठेचाळिसावा नमुना उत्तम. खराब नव्हताच.

मोनिकाच्या नळ्या बरोबर होत्या.

१२ मार्च

सांगितलं नाही.

१३ मार्च

सर नांदेडला गेलेत. आल्यावर सांगते.

१७ मार्च, सोमवार

आले. नाही सांगितलं.

मनात काय काय चाललंय ते लिहिते, निदान इथं तरी. मोनिका गेलीच आहे, आता सांगून काय? मला फेलोशिपचं एकच वर्ष उरलंय. मी हळूच दुरुस्त केलेला तक्ता दाखवला आणि म्हटलं 'सर, नमुने परत तपासले, जुळले' — तर? कुणी विचारणार नाही. सोपं आहे.

इतकं सोपं मला कसं सुचतं?

१९ मार्च

सरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "नाही हो, शालू करते सगळं. तिनंच पकडली ती गडबड. नाहीतर चुकीचा पेपर गेला असता आमचा."

तिनंच पकडली!

परत फिरले. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग आठवलं, पाणी वाया जातंय. नळ बंद करून रडले.

२२ मार्च

संस्कृतीला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "अरे, ही चूक तर सगळ्यांकडून होते! आमच्याकडे रोज होते."

तिला कसं सांगू की दुखणं त्या चुकीचं नाहीच. चूक अठरा फेब्रुवारीची. अकरा मार्चपासून जे चाललंय त्याला चूक म्हणत नाहीत.

तिनं माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "तिचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

२३ मार्च

नंबर आहे. फोनवर नाही बोलता येणार मला.

२९ मार्च, शनिवार

गंगापूरला जाऊन आले.

सकाळच्या एसटीनं. उद्या पाडवा, गाडी गच्च, बायकांच्या मांडीवर साखरेच्या गाठ्यांचे पुडे. मला गुलमंडीच्या बाजारातून काहीतरी न्यायचं होतं तिच्यासाठी, ओढणी वगैरे. दुकानापर्यंत जाऊन परतले होते काल. काय म्हणून न्यायची ओढणी?

मोनिका तिच्या मामांच्या कृषी सेवा केंद्रात बसते. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. काउंटरमागं तीच. मला बघून आधी हसली, मग थांबली. तेवढ्यात तिची आई डबा घेऊन आली. भागूबाई. पदरानं तोंड पुसत माझ्याजवळ आल्या.

"तुम्हीच शालूताई व्हय? मोनी लई नाव काढती तुमचं. तिथं तुम्हीच सांभाळलं म्हनती तिला."

मला खाली बघायला जागा पुरेना. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला आणि गेल्या.

मग मी सांगितलं. सगळं. शून्य आणि एक. लाल अक्षरं. 'नमुना खराब' असं मी सरांना म्हणाले ते. मध्येच एक शेतकरी आला, उसाला कोणतं खत देऊ म्हणून. मोनिका त्याच्याशी नीट बोलली, पोतं दाखवलं, पावती फाडली. मी तिथंच उभी, अर्ध्या वाक्यावर. तो गेल्यावर म्हणाली, "हं. पुढं."

पुढचं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

तुम्हाला. इतकी वर्षं 'ताई, तू' म्हणणारी पोरगी.

"अकरा मार्चला."

ती काउंटरवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. "पुण्याला एका संस्थेत पीएचडीसाठी अर्ज करणार होते मी. सरांचं पत्र लागत होतं. शेवटची तारीख पंचवीस मार्च. मी मागितलंच नाही. काय लिहिलं असतं त्यांनी? निष्काळजी?"

पंचवीस. चार दिवसांपूर्वी. मी अकरालाच बोलले असते तर पूर्ण दोन आठवडे होते तिच्या हातात. त्या दोन आठवड्यांत मी नांदेड, सोमवार, फेलोशिप करत बसले.

मी 'माफ कर' म्हटलं. तिनं पावतीपुस्तक मिटलं. चहा आला होता, त्याच्यावर साय धरली.

"जा आता. दीडची गाडी चुकेल तुमची."

३० मार्च

पाडवा. संस्कृतीनं खिडकीला गुढी बांधली. मी नमस्कार केला. काही मागितलं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

सांगितलं. सुट्ट्या संपल्या संपल्या, सकाळी दहाला, त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आत.

सर उभेच होते. ऐकताना हळूहळू खुर्चीत बसले. मी दोन्ही तक्ते समोर ठेवले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत बघितलं.

"एक वजा. एवढंच?"

"हो सर."

"आणि कळून किती दिवस झाले?"

"एकवीस."

वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मोनिकाला सांगितलंस?"

"आधी तिलाच. गंगापूरला जाऊन."

"हं." त्यांनी दोन्ही तक्ते एकावर एक ठेवले. बाहेर कुणीतरी काचेची भांडी धूत होतं. "तुझा कोड मी उघडूनसुद्धा बघितला नाही. चूक दिसली आणि पोरगी समोर उभी होती, ती गावाकडची, तात्पुरती. तुझ्याकडे बघायच्या आधी माझी मान तिच्याकडे वळली." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुझं तुझ्यापाशी राहू दे. माझं मी बघतो."

माझ्यासमोरच फोन लावला. "मोनिका, सर बोलतोय. चूक माझी झाली. ज्या माणसांसमोर तुला बोललो, त्यांच्यासमोरच माफी मागणार आहे. तू येशील का?"

तिकडून काय म्हणाली, ऐकू आलं नाही. सर नुसते "बरोबर आहे तुझं, बरोबर आहे" म्हणत होते.

२ एप्रिल

माझी फेलोशिप राहील की नाही, ते सरांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

मोनिका आली. सरांनी सगळ्यांना बोलावलं आणि उभं राहून माफी मागितली. मग माझी पाळी. मी पायथन आणि आर समजावून सांगितलं, फळ्यावर मेंढ्या काढून. ज्यानं त्या दिवशी खुसखुस केली होती, तो वहीत लिहून घेत होता. मोनिका हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभी. टाळ्या वगैरे काही नाही. नकोतच.

सरांनी देऊ केलेली मुदतवाढ घेतली तिनं, पण अट घातली. सरांना नाही, मला. "कोड मी पण वाचणार. ओळ न् ओळ. मला शिकवा, नाहीतर दोघी शिकू."

"कोणती शिकू या?" मी विचारलं. इतके महिने घोळलेला प्रश्न!

"पायथन. जिच्यात चुकलात तीच."

पाच सेकंदांत ठरलं.

पुण्याचा अर्ज आता थेट पुढच्या वर्षी. ते वर्ष तिला कुठून देणार मी? ती त्यावर बोलत नाही. मी रोज ते तिच्या तोंडाकडे बघून वाचते. अजून 'तुम्ही'च म्हणते.

११ एप्रिल

धडा चौथा झाला. मोनिका माझ्यापेक्षा लवकर शिकते. बरं वाटतं आणि लाजही वाटते, दोन्ही एकदम.

सरांनी पुढची तपासणी माझ्याकडे दिली: अठ्ठेचाळिसांत काही मेंढ्यांची कोकरंही आहेत, ती आपापल्या आयांशी जुळतात का. आईचा अर्धा डीएनए कोकरात दिसलाच पाहिजे. काकांनी कुणाची आई कोण ते सांगितलंय, मोनिकाच्या वहीत आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

सगळी कोकरं जुळली. दोन सोडून. ३१ नंबरच्या मेंढीचं कोकरू ३२शी जुळतं, आणि ३२चं ३१शी. दोन्ही माद्या, म्हणून नर-मादीच्या तपासणीत दिसलंच नव्हतं. आकडे तीनदा तपासले. शून्य, एक, सगळं. या खेपेला कोड बरोबर आहे. या दोन नळ्या खरोखर बदलल्यात. सोयगावला, शेणात बसून लिहिताना.

माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

आधी काय वाटलं ते लिहिते, कारण इथं खोटं लिहायचं नाही: आनंद झाला. क्षणभर, पण झाला. मग आकडे चौथ्यांदा तपासले.

मोनिका पलीकडच्या टेबलावर डबा उघडत होती. मी पडदा तिच्याकडे फिरवला आणि म्हटलं, "जेवायचं थांब जरा. आधी तू बघ. मग आपण दोघी सरांकडे जाऊ."